एकाच मापाचा आग्रह : जोसेफीन बटलर (१८२८–१९०६)

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेल्या विल्यम विल्बरफोर्सची गोष्ट उपदेशांतून आपण अनेकदा ऐकतो. पण त्याच देशात, त्याच परंपरेत वाढलेल्या जोसेफीन बटलर या बाईंचा उल्लेख आपल्या मंडळ्यांत क्वचितच होतो. कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या स्त्रियांचे नाव उपासनामंदिरात घेताना आपली जीभ अडखळते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील सुशिक्षित ख्रिस्ती लोकांची स्थिती काही निराळी नव्हती. वेश्या हा शब्द ज्या घरांत उच्चारला जात नसे, अशाच एका घरातील ही बाई होती. म्हणून तिची कहाणी सांगण्याजोगी आहे.

जोसेफीनचा जन्म १३ एप्रिल १८२८ रोजी इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थंबरलंड परगण्यातील मिलफील्ड येथे झाला. वडील जॉन ग्रे हे शेतीसुधारणेचे नामांकित जाणकार होते आणि पंतप्रधान अर्ल ग्रे यांचे नातलग. गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी त्यांनी हिरीरीने काम केले होते, आणि गुलाम स्त्रियांच्या वाट्याला काय काय येते हे त्यांच्या घरात मुलांसमोर बोलले जाई. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास जोसेफीनच्या मनात मोठे वादळ उठले. जगात एवढा अन्याय असताना देव न्यायी कसा, हा प्रश्न घेऊन ही मुलगी रानात एकटी जाऊन तासन्‌तास प्रार्थना करी. तिला तेव्हा उत्तर मिळाले की नाही ते सांगणे कठीण. पण देवाशी असे उघड भांडण करण्याची सवय तिला तेव्हापासून लागली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली.

१८५२ च्या जानेवारीत जॉर्ज बटलर या विद्वान गृहस्थाशी तिचा विवाह झाला. पुढे जॉर्ज यांनी इंग्लंडच्या मंडळीत पाळकपदाची दीक्षा घेतली. ऑक्सफर्ड येथे संसार मांडला, तो सर्वस्वी पुरुषांच्या विद्यापीठात. तेथे संध्याकाळच्या बैठकींत एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘रूथ’ ही कादंबरी चर्चेस आली. फसवल्या गेलेल्या, कुमारी असताना माता झालेल्या एका मुलीची ती कथा. जमलेल्या सद्गृहस्थांचे मत असे पडले की, स्त्रीच्या हातून घडलेली नैतिक चूक पुरुषाच्या तशाच चुकीपेक्षा फारच मोठी मानली पाहिजे. बटलरबाई गप्प राहिल्या. पण ते त्या विसरल्या नाहीत. त्याच सुमारास एका तरुणीला आपल्या तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात शिक्षा झाल्याचे त्यांच्या कानी आले. त्या मुलाचा बाप विद्यापीठातीलच एक प्रतिष्ठित पुरुष होता. त्याला जाब विचारावा म्हणून बाई एका थोर विद्वानाकडे गेल्या, तेव्हा त्यांनी मौन बाळगण्याचा सल्ला दिला. बटलर दांपत्याने मग जे आपल्या हातात होते ते केले. तुरुंगातून सुटल्यावर त्या तरुणीला आपल्या घरी कामाला ठेवून घेतले.

यानंतरची काही वर्षे चेल्टनहॅम येथे गेली. तीन मुलगे आणि शेवटची मुलगी, इव्हा. २० ऑगस्ट १८६४ च्या संध्याकाळी आईवडील बाहेरून घरी परतले. त्यांची चाहूल लागताच पाच वर्षांची इव्हा वरच्या मजल्यावरून धावत आली आणि कठड्यावरून तोल जाऊन खालच्या दिवाणखान्याच्या फरशीवर पडली. काही तासांतच ती गेली. त्या आईच्या शोकाविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही; ज्यांनी मूल गमावले आहे त्यांना ते ठाऊक आहे. बटलरबाईंची प्रकृती आधीच नाजूक होती, ती आता पार ढासळली.

१८६६ मध्ये जॉर्ज बटलर यांची लिव्हरपूल कॉलेजच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. दिवसभर घर रिकामे असे आणि बाईंना ते रिकामेपण सोसवत नसे. आपल्याहून दुःखी माणसे शोधून काढावी आणि त्यांच्यापाशी बसावे, एवढीच इच्छा मनात धरून त्या घराबाहेर पडल्या. त्यांना सांगावयास उपदेश नव्हता, हाती कसली योजनाही नव्हती. लिव्हरपूलला ब्राउनलो हिल येथे निराधारांचे प्रचंड वर्कहाउस होते. हजारो दीनदुबळे त्यात राहत. त्याच्या तळघरात, उघड्या दगडी फरशीवर, जहाजांचे जुने डांबरी दोर बोटांनी उकलून त्यांचे तंतू काढण्याचे काम स्त्रियांकडून करून घेतले जाई. काही शिक्षा म्हणून तेथे होत्या, तर काही भुकेपोटी, त्या रात्रीपुरता भाकरीचा तुकडा आणि आसरा मिळावा म्हणून आपण होऊन आलेल्या. त्यांत बंदराच्या धक्क्यावर देह विकून जगणाऱ्या पुष्कळ होत्या.

बटलरबाई त्यांच्यामध्ये फरशीवर बसल्या आणि दोर उकलू लागल्या. त्यांच्या मऊ बोटांना ते जमेना, तेव्हा त्या बायका मोठ्याने हसल्या. हसण्यातूनच ओळख झाली. पुढे एके दिवशी बाईंनी त्यांना काही वचने पाठ करावयास सुचवले. पुन्हा गेल्या तेव्हा एक उंच, सावळी मुलगी उठून उभी राहिली आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय तिने त्या ओलसर तळघरात म्हणून दाखवला. मग सगळ्याजणी गुडघे टेकून बसल्या. या प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते, कारण पुढील सगळ्या आंदोलनाचे मूळ येथे आहे. बटलरबाई त्या स्त्रियांना प्रथम भेटल्या त्या त्यांच्या शेजारी, त्याच फरशीवर बसून. शिमोन परूशाच्या घरी प्रभूच्या चरणांशी आलेल्या स्त्रीची गोष्ट आपण वाचतो तेव्हा आपण स्वतः मेजाच्या कोणत्या बाजूला असतो, हे ठरवणे आपल्याला बहुधा टाळावेसे वाटते.

लवकरच बटलरांच्या घराच्या माळ्यावर आजारी मुली राहू लागल्या. पाहुण्यांच्या खोल्या भरल्या, तेव्हा मरणपंथाला लागलेल्यांसाठी एक विश्रामगृह काढले. नंतर कामधंदा शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक घर, जेथे शिवणकाम होई आणि लिफाफे तयार होत. दयाधर्माने सगळे भागेल अशी बाईंची समजूत कधीच नव्हती. शिवणकाम करून पोट भरत नाही म्हणून मुली रस्त्यावर येतात, हे त्यांनी ताडले होते. म्हणून त्याच वर्षी, १८६७ मध्ये, उत्तर इंग्लंडात स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेल्या मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. शिक्षण आणि प्रामाणिक रोजगार यांची दारे बंद ठेवून स्त्रीला पतित म्हणण्याचा अधिकार समाजाला नाही, हे त्यांचे मत या काळात पक्के झाले.

आता त्या कायद्याकडे वळू. लष्करात आणि आरमारात गुप्तरोग फार पसरले होते. उपाय म्हणून ब्रिटिश पार्लमेंटाने १८६४, १८६६ आणि १८६९ साली सांसर्गिक रोगांसंबंधी तीन कायदे केले. नाव इतके निरुपद्रवी की सामान्य माणसाला ते गुरांच्या रोगाविषयी वाटावे. छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत साध्या वेषातील पोलीस नेमले गेले. एखादी स्त्री वेश्या असल्याचा त्यांना संशय आला की पुरे. साक्षीपुराव्याची गरज नव्हती. तिचे नाव नोंदवहीत चढे आणि ठराविक दिवसांनी तिला सरकारी डॉक्टरपुढे सक्तीच्या तपासणीसाठी हजर व्हावे लागे. नकार दिला तर तुरुंग. रोग आढळला तर लॉक हॉस्पिटल नावाच्या कोंडवाड्यात अटक, आणि ती अटक १८६९ च्या कायद्याने नऊ महिन्यांपर्यंत लांबली. तपासणीला आपण राजीखुशीने तयार आहोत अशा कागदावर त्या स्त्रियांची सही घेत. अनेकींना वाचताच येत नसे, त्या फुली मारीत.

आणि पुरुष? सैनिकांची अशी तपासणी पूर्वी होत असे, पण ती त्यांना अपमानास्पद वाटते म्हणून १८५९ साली बंद झाली होती. पुढे या कायद्यांचा विचार करण्यास नेमलेल्या रॉयल कमिशनने तर १८७१ मध्ये लेखीच नमूद केले की दोघांची तुलना होऊ शकत नाही. स्त्री हे पैशासाठी करते, पुरुष नैसर्गिक ऊर्मीपोटी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात दोन प्रकारच्या वजनमापांचा धिक्कार केला आहे, तो बाजारातल्या तागडीपुरताच आहे असे त्या ख्रिस्ती देशाने धरून चालले होते.

१८६९ मध्ये या कायद्यांविरुद्ध स्त्रियांचे नेतृत्व करण्याची विनंती बटलरबाईंकडे आली. निर्णय घेण्यास त्यांना अनेक आठवडे लागले. भीती स्वतःची नव्हती. नवरा मुलांच्या शाळेचा प्रमुख. बायको वेश्यांविषयी जाहीर सभांतून बोलते असे कळल्यावर त्याची गत काय होईल? तोंडाने सांगवेना म्हणून त्यांनी सगळे कागदावर लिहून त्यांच्या हाती दिले. जॉर्ज यांनी विचार करून त्यांना जाण्यास सांगितले आणि आशीर्वाद दिला. या भल्या माणसाविषयी फारसे लिहिले जात नाही. १८७१ मध्ये नॉटिंगहॅम येथे मंडळीच्या परिषदेत त्यांनी या कायद्यांविरुद्ध निबंध वाचावयास घेतला, तेव्हा जमलेल्या पाळकांनीच आरडाओरडा करून त्यांना खाली बसवले. बढतीच्या अनेक वाटा त्यांना बंद झाल्या. त्यांनी कधी कुरकुर केल्याचे दिसत नाही.

१ जानेवारी १८७० रोजी ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात स्त्रियांचा निषेधलेख प्रसिद्ध झाला. सह्यांमध्ये बटलरबाईंबरोबर हॅरिएट मार्टिनो आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नावे होती. सभ्य स्त्रियांनी अशा विषयावर सही करावी याचेच लोकांना नवल वाटले; काही वृत्तपत्रांनी शिव्याशाप दिले, पुष्कळांनी मुळीच छापावयाचे नाही असे ठरवले. तेव्हा बटलरबाई कामगारांकडे गेल्या. त्या एका वर्षात त्यांनी ३,७०० मैल प्रवास केला आणि ९९ सभांना हजेरी लावली. कारखान्यांतील मजूर त्यांचे म्हणणे डॉक्टरांपेक्षा आणि बिशपांपेक्षा लवकर समजले. कारण उघड होते. नोंदवहीत चढणारी नावे त्यांच्याच लेकीबहिणींची होती.

बाईंचा युक्तिवाद नीट समजून घ्यावयास हवा, कारण त्यात आजही गल्लत होते. वेश्याव्यवसाय त्या पापच मानीत. त्याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. पण पाप आहे म्हणून त्या स्त्रीचे शरीर सरकारच्या मालकीचे होत नाही, असे त्यांचे सांगणे होते. जामीन, पुरावा, न्यायाधीश, संमती ही जी कवचे कायदा चोरालाही देतो, ती हिलाच का नाकारावी? शिवाय सरकारने तपासून परवानगी दिली की ते त्या व्यवहाराचे भागीदार झाले. पुरुषांसाठी स्वच्छ माल पुरवण्याची जबाबदारी त्याने घेतली. आणि एका स्त्रीला संशयावरून पकडता येते म्हटल्यावर रात्री कामावरून परतणारी प्रत्येक गरीब स्त्री पोलिसाच्या मर्जीवर आली. हे नुसते तर्क नव्हते. १८७५ मध्ये ऑल्डरशॉट या छावणीच्या गावी मिसेस पर्सी नावाच्या विधवा गायिकेला मुलीसह तपासणीस येण्याचा हुकूम झाला. तिने नकार दिला. तिला काम मिळेनासे झाले, आणि शेवटी तिचे प्रेत कालव्यात सापडले. तिच्या मुलीला बटलरबाईंनी आश्रय दिला.

निवडणुकांचे प्रसंग तर एखाद्या कादंबरीत शोभावेत असे आहेत. १८७० मध्ये कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत या कायद्यांचे कट्टर पुरस्कर्ते सर हेन्री स्टॉर्क्स उभे होते. बाई विरोधी प्रचाराला गेल्या, तेव्हा त्यांच्या पोशाखाचे वर्णन करणारी पत्रके गुंडांमध्ये वाटली गेली. उतरलेल्या हॉटेलवर जमाव चालून आला. मध्यरात्री मालकाने त्यांना बाहेर जाण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी गरीब बाईसारखी शाल पांघरून त्या सभेला गेल्या. स्टॉर्क्स पडले. १८७२ मध्ये पाँटिफ्रॅक्ट येथे कोठे सभा घेऊ दिली जाईना, म्हणून एका गवताच्या माळ्यावर स्त्रिया जमल्या. विरोधकांनी खालून पेंढा पेटवला, काही पुरुष शिडीने वर चढून धमकावू लागले, आणि पोलीस उभे राहून पाहत राहिले. स्त्रियांनी खालच्या दारातून उडी टाकून जीव वाचवला. त्या वेळी बटलरबाई ४४ वर्षांच्या होत्या आणि त्यांची फुप्फुसे अगोदरच दुबळी होती.

लढा सोळा वर्षे चालला. युरोपात परवान्याची ही पद्धत नेपोलियनच्या काळापासून रुजली होती. तिच्याविरुद्ध बाई १८७४–७५ च्या कडाक्याच्या थंडीत पॅरिस, इटली, स्वित्झर्लंड अशा फिरल्या, आणि १८७५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. मंत्रिपदाची आशा बाजूस ठेवून जेम्स स्टॅन्सफेल्ड यांनी पार्लमेंटात बाजू उचलून धरली. १८८३ च्या २० एप्रिलला त्यांचा ठराव आला, त्या रात्री पार्लमेंटाजवळच्या एका हॉटेलात प्रार्थनासभा चालू होती. उंची रेशमी वस्त्रांतल्या स्त्रिया आणि लंडनच्या गल्ल्यांतल्या फाटक्या लुगड्यांतल्या म्हणाव्यात अशा दरिद्री स्त्रिया एकमेकींशेजारी गुडघे टेकून होत्या. मध्यरात्रीनंतर १८२ विरुद्ध ११० मतांनी ठराव संमत झाला. सक्तीची तपासणी थांबली आणि १८८६ मध्ये कायदेही रद्द झाले.

याच १८८३ साली आपल्या पंडिता रमाबाई इंग्लंडात होत्या. बटलरबाईंची आणि त्यांची भेट झाली असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे नेऊन पतित स्त्रियांसाठी चालवलेले घर दाखवले, हे रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत नोंदवून ठेवले आहे. ज्या स्त्रियांना आपल्याकडील शास्त्रे दयेसही पात्र मानीत नाहीत, त्यांची येथे प्रेमाने सेवा होते, ते का, असा प्रश्न त्यांनी केला. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्यांच्या मनाला कलाटणी देणाऱ्या प्रसंगांपैकी हा एक. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्राच्या मंडळीच्या इतिहासात त्या तिरस्कृत स्त्रियांचा हा असा वाटा आहे.

इंग्लंडात कायदे गेले तरी हिंदुस्थानात ते संपले नव्हते. १८६८ चा चौदावा कायदा मुंबईस १८७० पासून लागू झाला होता. नोंदणी चुकवण्यासाठी अनेक स्त्रिया दडून राहिल्या किंवा शहर सोडून गेल्या. १८७२ मध्ये अंमलबजावणी थांबवावी लागली, १८८० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. छावण्यांत तर लाल बाजार नावाची वस्तीच लष्कराच्या देखरेखीखाली असे. रविवारी त्याच छावण्यांच्या देवळांत सैनिकांच्या रांगा उपासनेला बसत. १८८६ च्या जूनमध्ये लष्करी मुख्यालयातून निघालेल्या एका परिपत्रकात, पलटणींसाठी स्त्रिया पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक असाव्यात अशी सूचना होती. १८८८ मध्ये ते उजेडात आले, तेव्हा पार्लमेंटाने या पद्धतीविरुद्ध ठराव केला आणि हिंदुस्थानातील कायदा त्याच वर्षी रद्द झाला. प्रत्यक्षात छावण्यांतून तीच रीत चालू राहिली. बटलरबाईंच्या प्रेरणेने एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती स्त्रियांनी १८९२ च्या आरंभी दहा छावण्या पायाखाली घातल्या, तेथील स्त्रियांशी त्या स्वतः बोलल्या, आणि १८९३ मध्ये लंडनच्या चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सरसेनापतीपदावरून नुकतेच उतरलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आधी सगळे नाकारले होते. त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बटलरबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. आपल्या स्त्रियांविषयी त्या बोलल्या त्या दुरून, दयेने, आणि ब्रिटिश साम्राज्य सुधारले तर जगाचे भलेच करील या श्रद्धेने. पुढे बोअर युद्धात त्यांनी इंग्लंडची बाजू घेतली. ब्राउनलो हिलच्या स्त्रियांना त्यांनी स्वतः ऐकले होते. लाल बाजारातल्या स्त्रियांचा आवाज त्यांच्यापर्यंत इतरांच्या मुखाने पोहोचला. थोरांच्या चरित्रातील उणिवा झाकण्याची आपल्याकडे प्रथा आहे; पवित्र शास्त्रात दाविदाच्या किंवा पेत्राच्या बाबतीत ती पाळलेली नाही.

आणखी एक प्रकरण असेच नाजूक आहे. १८८५ मध्ये मुलींच्या खरेदीविक्रीविरुद्ध पत्रकार विल्यम स्टेड यांनी जे रान उठवले, त्यात बटलरबाईंचा हात होता. संमतीचे वय १३ वरून १६ वर गेले, ही त्याची मोठी फलश्रुती. पण त्याच कायद्याने पोलिसांना कुंटणखान्यांवर धाडी घालण्याचे वाढीव अधिकार दिले, आणि बेघर झालेल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. शेवटच्या क्षणी त्यात घुसवलेल्या एका कलमाने पुरुषांतील समलिंगी संबंधांना तुरुंगाची शिक्षा ठेवली. ऑस्कर वाइल्ड १८९५ मध्ये त्याच कलमाखाली गेले. शुद्धतेच्या नावाने नव्या दक्षता संस्था निघाल्या. त्यांत आपलेच जुने सोबती पाहून बटलरबाई सावध झाल्या. जबरदस्तीने माणसे नीतिमान होतात असे मानणाऱ्या आणि पतित स्त्रीला हाकलून देण्यातच समाधान मानणाऱ्या या मंडळींपासून दूर राहा, असा इशारा त्या उतारवयात सतत देत राहिल्या. त्यांच्या मते जुना शत्रू नवा अंगरखा घालून आला होता.

त्या नोंदवहीची ओढ सत्तेला किती होती, याचा एक दाखला आपल्याच देशात आहे. ज्या १८७१ साली बाई रॉयल कमिशनपुढे साक्ष देत होत्या, त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याचा एक भाग खास हिजड्यांसाठी होता. संशयितांची नावे व मालमत्ता नोंदवावयाची, स्त्रीवेषात लोकांसमोर दिसल्यास किंवा नाचगाणे केल्यास शिक्षा करावयाची, अशी त्यात तरतूद होती. वायव्य प्रांतात तिचा अंमल झाला. बटलरबाईंनी याविषयी लढा दिला नाही. तृतीयपंथीयांचा प्रश्न त्यांच्या दृष्टीपुढे नव्हता. मात्र संशय, नोंद, तपासणी आणि शिक्षा ही साखळी तीच होती. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांनाही घटनेच्या २१ व्या कलमाप्रमाणे सन्मानाने जगण्याचा अधिकार आहे आणि पोलिसांनी त्यांना शिवीगाळ वा मारहाण करू नये, हे त्याच न्यायालयास १९ मे २०२२ रोजी आदेश काढून सांगावे लागले.

१८९० च्या मार्चमध्ये जॉर्ज बटलर गेले. त्यापूर्वीची आठ वर्षे ते विंचेस्टर कॅथीड्रलचे कॅनन होते, आणि तेथेही बटलरांच्या घराचे दार पूर्वीसारख्याच पाहुण्यांसाठी उघडे असे. रिबेका जॅरेट ही पूर्वी कुंटणखाना चालवलेली स्त्री मुक्तिफौजेकडून त्यांच्याकडे आली आणि विंचेस्टरमध्ये तशाच मुलींना सांभाळू लागली. पतीच्या मागे बाईंनी त्यांच्या आठवणी लिहिल्या, १८९६ मध्ये आपल्या लढ्याची हकीकतही लिहिली. त्याआधी त्यांनी सिएनाच्या संत कॅथरीनचे चरित्र लिहिले होते. प्रॉटेस्टंट घरातल्या या बाईला राजेरजवाड्यांना आणि पोपलाही परखड बोलणारी ती मध्ययुगीन संन्यासिनी आपली वाटे. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या छावण्यांत तपासणी पुन्हा आणण्याचा घाट घातला गेला, आणि मद्यपानविरोधी ख्रिस्ती स्त्रियांच्या पुढारी लेडी हेन्री सॉमरसेट यांनीच त्याला दुजोरा दिला. सत्तरीला टेकलेल्या बटलरबाई आपल्या मैत्रिणीविरुद्ध उघड उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी लेडी हेन्रींनी आपले मत मागे घेतले.

३० डिसेंबर १९०६ रोजी नॉर्थंबरलंडमधील वूलर या गावी बटलरबाईंनी देह ठेवला. जवळच्या कर्कन्यूटन येथे त्यांची कबर आहे. इंग्लंडची मंडळी ३० मे रोजी त्यांचे स्मरण करते. लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये थोर स्त्रियांच्या स्मरणार्थ रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, त्यांत त्याही आहेत; त्यांची गणना तेथे शुद्धतेच्या कैवाऱ्यांत केली आहे, हे वाचून त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

त्या कॅथीड्रलपासून होप स्ट्रीटने चालत गेले की दुसऱ्या टोकाला रोमन कॅथलिकांचे ख्रिस्तराजाचे कॅथीड्रल लागते. १९६७ मध्ये त्याचा अभिषेक झाला. त्याच्या खाली विटांनी बांधलेले मोठे तळघर आहे आणि तेथेही उपासना होते. ही जागा ब्राउनलो हिलची. वर्कहाउस पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवरच ते उभे आहे.